दूरस्थ सहध्वनिमुद्रण

दूरस्थ सहध्वनिमुद्रण : वेगवेगळ्या ठिकाणी राहणाऱ्या संगीतकारांनी घरी आपापला भाग मुद्रित करायचा आणि त्या मुद्रणांची देवघेव करत एकच रचना उभी करायची, अशी पद्धत. व्यावसायिक कलावंतही ती वापरतात. ही नोंद हौशी गायक-वादकांपुरती आहे. त्यांच्यापाशी स्टुडिओ नसतो, मानधनाचा प्रश्न नसतो आणि पुष्कळदा ते एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. या पद्धतीचे मूळ लक्षण असे की यात कोणीच कोणाबरोबर वाजवत नाही. प्रत्येक जण आधी वाजवून झालेल्या मुद्रणाबरोबर वाजवतो. गिटारवादकाने तीन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या हरकतीला ड्रमवादक दाद देऊ शकतो, पण गिटारवादकाला त्या दादेला उत्तर देता येत नाही. द्यायचेच तर आपला भाग पुन्हा वाजवावा लागतो. पद्धतीच्या बहुतेक अडचणी आणि तिच्या बहुतेक युक्त्या या एकतर्फीपणातून आल्या आहेत.

इतिहास

मुद्रित आवाजावर दुसरा आवाज चढवण्याची कल्पना चुंबकीय फितीच्या वापराआधीची आहे. १९४१ मध्ये अमेरिकन वादक सिडनी बेशे याने एकट्याने सहा वाद्ये वाजवून ती तबकड्यांवर एकावर एक मुद्रित केली. प्रत्येक नव्या थराच्या वेळी आधीचे थर एका तबकडीवरून दुसरीवर उतरत आणि अधिकाधिक अस्पष्ट होत जात. गिटारवादक लेस पॉल याने पुढे हे तंत्र फितीवर आणले. १९५७ मध्ये त्याला अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचे यंत्र मिळाले, तेव्हा प्रत्येक भाग फितीवर स्वतंत्र राहू लागला. एक पुसून पुन्हा घेतला तरी बाकीच्यांना धक्का लागेना. सहमुद्रणाची पहिली अट इथे पुरी झाली, पण असले यंत्र हौशी माणसाच्या ऐपतीबाहेरचे होते.

ते त्याच्या टेबलावर आले १९७९ मध्ये, टॅस्कॅम कंपनीच्या ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्रामुळे. साध्या कॅसेटच्या फितीवर चार ट्रॅक असतात, दोन एका बाजूचे आणि दोन दुसऱ्या बाजूचे. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने वापरले आणि आवाजाचा दर्जा राखण्यासाठी फीत दुप्पट वेगाने फिरवली. दुसऱ्याकडेही तसेच यंत्र असले, की कॅसेट टपालाने पाठवून काम पुढे नेता येई. १९८३ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्ये आणि संगणक एकमेकांना जोडणारे मिडी हे मानक आले. त्यात ध्वनी नसतो, कोणता स्वर कधी आणि किती जोराने दाबला एवढ्या सूचना असतात. त्यामुळे फाइल अगदी लहान राहते, आणि मंद मोडेमच्या काळात टेलिफोनच्या तारेवरून पाठवण्याजोगे संगीत म्हणजे मुख्यतः हेच होते.

टपालाच्या टप्प्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हौशी नाही, तरी ते टाळता येत नाही. जिमी टँबोरेलो आणि बेन गिबर्ड या दोन अमेरिकन संगीतकारांनी डिजिटल फिती एकमेकांना टपालाने पाठवून एक अल्बम तयार केला. तो २००३ मध्ये निघाला. जोडीने नावही ‘द पोस्टल सर्व्हिस’ असेच घेतले, आणि त्यावरून अमेरिकेच्या टपाल खात्याने हरकत घेतली. पुढे ती समझोत्याने मिटली.

यानंतरचा बदल यंत्रांपेक्षा वाहतुकीचा होता. संगणकावर अनेक ट्रॅक मुद्रित करणारी सॉफ्टवेअरे फुकट किंवा स्वस्तात मिळू लागली (ऑडॅसिटी २०००, गॅरेजबँड २००४), आणि ब्रॉडबँडमुळे मोठ्या फाइली मिनिटांत पोचू लागल्या. आपली कृती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने डिसेंबर २००२ मध्ये आले. त्यामुळे अनोळखी माणसाचा ट्रॅक उचलून त्यावर काम करायला कायदेशीर वाट मिळाली. पुढे ब्राउझरमध्येच मुद्रण आणि मिक्सिंग (सगळे ट्रॅक तोल साधून एकत्र करणे) करू देणाऱ्या साउंडट्रॅप, बँडलॅब यांसारख्या सेवा निघाल्या. त्यांत फाइल इकडून तिकडे पाठवण्याचा प्रश्नच उरत नाही.

सामान्य लोकांना ही पद्धत कळली ती मात्र दूरस्थ समूहगायनामुळे. अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकर याने २०१० मध्ये १२ देशांतल्या १८५ गायकांच्या स्वतंत्र चित्रफिती जोडून एक गायकवृंद उभा केला. २०२० च्या टाळेबंदीत त्याच्याच एका प्रकल्पात १२९ देशांतले १७,५७२ गायक होते. चौकटीचौकटींतून एकाच वेळी गाणारे चेहरे पाहून असंख्य लोकांचा समज झाला, की एखाद्या व्हिडिओ कॉलवर सगळे मिळून गात आहेत. प्रत्यक्षात प्रत्येक जण एकटा, कानात हेडफोन घालून, आधी मुद्रित केलेल्या साथीवर गात होता.

कामाची रीत

काम सुरू होते ते मार्गदर्शक ट्रॅकने. त्यात रचनेचा आराखडा असतो: गिटार किंवा पियानोची साधी साथ, बरेचदा गुणगुणलेली चाल, आणि त्याखाली एकसारखा पडणारा ठोका, म्हणजे क्लिक. हा ट्रॅक शेवटी फेकून द्यायचा असतो आणि म्हणून तो निष्काळजीपणे केला जातो. तसे होऊ नये. लय, पट्टी, कडवी किती, मधली जागा किती मात्रांची, हे सारे त्यातच ठरते आणि पुढचा प्रत्येक जण त्यावरच उभा राहतो. आठ जणांनी वाजवून झाल्यावर गायिकेला पट्टी उंच वाटली, तर सगळेच पुन्हा. ज्यांना अनुभव आहे ते म्हणूनच गायकाला शेवटी गाऊ देतात, पण पट्टी त्याला सर्वांत आधी विचारतात.

थर चढवण्याचा रूढ क्रम ड्रम, बास, साथीची वाद्ये, गायन आणि मग सजावट असा आहे. हौशी गटांत तो क्वचितच पाळला जातो, कारण घरात ड्रम वाजवू शकणारा माणूस दुर्मीळ असतो आणि तोच सगळ्यांत उशिरा मिळतो. मग बाकीचे क्लिकवर वाजवतात आणि ड्रम शेवटी येतो. याचा परिणाम कानाला कळतो. गटातल्या प्रत्येकाची ठोक्याशी जुळवून घ्यायची सवय निराळी असते: कोणी किंचित पुढे राहतो, कोणी मागे. एकत्र वाजवताना हे फरक एकमेकांना सावरून घेतात. क्लिक मात्र कोणाला सावरून घेत नाही. त्यामुळे प्रत्येक भाग सुटा ऐकताना चोख वाटतो, आणि सगळे मिळून ऐकले की लय सैल वाटते. आधी यंत्रातल्या ड्रमचा तात्पुरता ठेका घालून त्यावर वाजवणे हा यावरचा बऱ्यापैकी चालणारा उपाय आहे.

फाइली पाठवण्याचे संकेत साधे आहेत, तरी सर्वाधिक वेळ वाया जातो तो त्यांच्याच पायी. प्रत्येक ट्रॅक रचनेच्या शून्य क्षणापासून सुरू झाला पाहिजे, मग वादकाचा पहिला स्वर तिसऱ्या मिनिटाला का असेना. तरच तो पुढच्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमका जागेवर बसतो. सुरुवातीला दोन आवर्तने मोकळे ठोके ठेवतात. फाइल वॅव्ह प्रकारची, म्हणजे आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी, बहुधा २४ बिट आणि ४८ किंवा ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग दराची (सेकंदाला आवाजाची किती हजार मापे घेतली, तो दर) असते. ४८ किलोहर्ट्झ दराने एकेरी (मोनो) ट्रॅकचे एक मिनिट साधारण साडेआठ मेगाबाइट भरते, म्हणजे आज ते काही ओझे नाही. तरी सोय म्हणून एमपीथ्री पाठवणारे भेटतातच. एमपीथ्रीत रूपांतर होताना आवाजाच्या आधी थोडी पोकळी जोडली जाते. ती काही सॉफ्टवेअरे कापतात, काही कापत नाहीत. न कापल्यास ट्रॅक सुमारे २५ मिलिसेकंद उशिरा वाजतो. सॅम्पलिंगच्या दराचा घोळ निदान लपत तरी नाही. ४४.१ ची फाइल ४८ समजून वाजवली की ती जलद होते आणि जवळजवळ दीड अर्धस्वराने वर चढते.

घुमारा, प्रतिध्वनी, कॉम्प्रेशन (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणे) वगैरे संस्कार न करता कोरा ट्रॅक पाठवावा अशी अपेक्षा असते. पाच घरांतले पाच प्रकारचे घुमारे एका जागेत बसवणे मिक्स करणाऱ्याला जमत नाही. इलेक्ट्रिक गिटारवादक मात्र याला कुरकुरतात, आणि त्यांची बाजू खरी आहे: त्यांचा नाद अँप्लिफायर आणि पेडल यांनीच घडतो आणि बोटे त्या नादाला प्रतिसाद देत वाजतात. अशा वेळी कोरा आणि संस्कारित असे दोन्ही ट्रॅक मागवून घेतात.

वेळेचे गणित

इंटरनेटवरून थेट एकत्रच का वाजवू नये, तर आड येतो तो विलंब. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे रंगमंचावर दहा मीटर दूर असलेल्या वादकाचा स्वर सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. एकत्र वादनाला २५ ते ३० मिलिसेकंद ही साधारण मर्यादा मानतात. टाळ्यांच्या प्रयोगांत दिसले आहे, की दोघांमधला विलंब वाढत गेला तशी लय मंदावत जाते, कारण प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला जेमतेम दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे सहा हजार किलोमीटरच्या सरळ मार्गाला एका बाजूने ३० मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच जातात, आणि त्यावर यंत्रांचा वेळ वेगळा. हा अडथळा चांगल्या सॉफ्टवेअरने कमी होतो, नाहीसा होत नाही. जामुलस आणि जॅकट्रिप यांसारखी साधने जवळच्या अंतरात थेट एकत्र वादन शक्य करतात. २००५ मध्ये आलेल्या निंजॅम या साधनाने उलट वाट धरली: विलंब लपवायचा नाही, तर ठरावीक आवर्तनांएवढा मुद्दाम वाढवायचा. प्रत्येकाला इतरांचे मागचे आवर्तन ऐकू येते आणि तो त्यावर वाजवतो. एकाच सुरावटीवर फिरणाऱ्या मुक्त वादनाला हे छान जमते. कडवे-धृपद असलेल्या गाण्याला जमत नाही.

फाइली पाठवून केलेल्या मुद्रणात इंटरनेटचा विलंब आडवा येत नाही, घरातल्या यंत्राचा मात्र येतो. संगणक साथ वाजवतो, ती कानापर्यंत येते, वादक त्यावर वाजवतो, तो आवाज संगणकात परत शिरतो. या फेरीत काही मिलिसेकंद जातात. मुद्रणाची सॉफ्टवेअरे तेवढा वेळ मोजून ट्रॅक तितका आधीच्या जागी सरकवतात, पण त्यांना ऑडिओ इंटरफेसने (माइक, वाद्य आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाने) सांगितलेला आकडा नेहमी खरा नसतो. खात्री करायची तर इंटरफेसच्या बाहेर जाणाऱ्या वाटेतून आत येणाऱ्या वाटेत एक केबल जोडून क्लिक वाजवतात, तो मुद्रित करतात आणि मूळ क्लिकपासून किती सरकला ते पाहतात. ब्लूटूथ हेडफोन मुद्रणाला वापरूच नयेत. त्यांचा विलंब सहज शंभर ते दोनशे मिलिसेकंद असतो.

याहून फसवा प्रकार साथ फोनवर वाजवून मुद्रण संगणकावर करणाऱ्यांच्या वाट्याला येतो. दोन यंत्रांची स्फटिक-घड्याळे तंतोतंत जुळत नाहीत. दर दहा लाखांत ५० भागांचा फरक असला, तरी चार मिनिटांत तो १२ मिलिसेकंद होतो: सुरुवात जुळलेली, शेवट घसरलेला. साथ आणि मुद्रण एकाच इंटरफेसवर असले की दोन्ही एकाच घड्याळावर चालतात आणि ही चूक उद्भवत नाही.

मिक्स आणि शेवटचा शब्द

तांत्रिक भाग आज बराचसा सुटला आहे. रचना अर्ध्यात राहतात त्या वेगळ्याच कारणांनी. मोबदला नसलेल्या माणसाला मुदत घालता येत नाही आणि न भेटलेल्या माणसाला ‘तुझा बास जरा बेसूर आहे’ असे लिहून कळवणे अवघड जाते. मग कोणी बोलत नाही आणि मिक्स करणारा तो भाग हळूच दाबून टाकतो. वादकाला ते अंतिम ध्वनिफितीत कळते. काही गट यासाठी आरंभीच एकाला निर्माता नेमतात आणि घेणे-गाळणे त्याच्यावर सोपवतात. लोकशाही पद्धतीने केलेले मिक्स सहसा वाईट होते, कारण प्रत्येकाला आपले वाद्य थोडे वर हवे असते.

काही प्रकारच्या संगीताला ही रीत मुळातच मानवत नाही. लय हळूहळू चढत नेणारे वादन, तालाविना चालणारी आलापी, क्षणात दिशा बदलणारी तात्कालिक रचना यांत दोन्ही बाजूंनी ऐकणे लागते. लयीचा नकाशा आधी आखून क्लिकचा वेग बदलता येतो. मात्र त्यात चढ कधी करायचा हे वाजवण्यापूर्वीच ठरलेले असते.

हक्क

रचनेचा हक्क आणि ध्वनिमुद्रणावरचे हक्क बहुतेक कायद्यांत वेगळे असतात. सादरकर्ते आणि ध्वनिमुद्रणाचे निर्माते यांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार १९६१ चा रोम करार हा आहे. साथीदाराने वाजवलेला सोलो हा नुसता सादरीकरणाचा भाग, की त्याने तो सहरचनाकार ठरतो, हा वाद नेमका गाणे लोकप्रिय झाल्यावर निघतो. म्हणून वाटणी, श्रेयनामावली आणि एखाद्याने मध्येच सोडल्यास त्याचा ट्रॅक वापरायचा की नाही, हे पहिली फाइल पाठवण्याआधी लिहून ठेवण्याचा प्रघात जाणत्या गटांत आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सचे काही परवाने व्यावसायिक वापर नाकारतात. अशा परवान्याचा एकच ट्रॅक असला, तरी त्याच्या धन्याच्या वेगळ्या परवानगीशिवाय पूर्ण गाणे विकता येत नाही. दुसऱ्याचे गाणे गायचे तर प्रसिद्धीपूर्वी सहसा रचनेच्या मालकाची परवानगी किंवा कायद्याने ठरवलेला परवाना लागतो, मग मुद्रण पैशांसाठी नसले तरी.

जतन

प्रकल्पाची फाइल ज्या सॉफ्टवेअरची, त्याच सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडते, आणि तीही त्यात वापरलेली प्लगइने (सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे पूरक प्रोग्रॅम) उपलब्ध असली तर. ब्राउझरमधील सेवा बंद पडली, तर तिथले सुटे ट्रॅकही जातात. त्यामुळे काम संपल्यावर प्रत्येक ट्रॅक शून्य क्षणापासून वॅव्ह स्वरूपात उतरवून, सोबत लय, पट्टी आणि सर्वांची नावे लिहिलेली साधी मजकुराची फाइल ठेवतात, आणि या सगळ्याच्या प्रती निदान दोन सहभागी जणांकडे असतात.