विश्वसाहित्याच्या अभ्यासातील सत्ता व सांस्कृतिक वर्चस्व

कोणत्या भाषांतील कृती ‘विश्वसाहित्य’ म्हणून निवडल्या, अनुवादिल्या व शिकवल्या जातात, त्या कोणत्या कसोट्यांवर पारखल्या जातात आणि या व्यवहारात भाषांमधील विषम बळ कसे काम करते, याचा विचार.

‘वेल्टलिटराटुर’ (विश्वसाहित्य) या जर्मन संज्ञेचे जनकत्व बहुधा जर्मन कवी गटेकडे दिले जाते. ते काटेकोर नाही. जर्मन इतिहासकार आउगुस्ट लुडविग श्ल्योत्सर याने १७७३ मध्ये आइसलँडच्या साहित्याविषयी लिहिताना ती वापरली होती. जर्मन लेखक व्हीलांटच्या हस्तलिखित टिपणांतही ती आढळते. मात्र त्या टिपणांचा काळ १७९० ते १८१३ यांदरम्यान, एवढेच म्हणता येते. गटेने १८२७ पासून संज्ञेला प्रतिष्ठा दिली, असे मानणे अधिक सयुक्तिक. त्याचे ३१ जानेवारी १८२७ चे प्रसिद्ध संभाषण त्याचा सहायक एकरमान याने गटेच्या मृत्यूनंतर, १८३६ मध्ये छापले. त्यामुळे त्यातील शब्दाशब्दावर भिस्त ठेवू नये. चिनी कादंबरीचे कौतुक करतानाच, आदर्श हवा असेल तर प्राचीन ग्रीकांकडेच वळावे, असे गटे तेथे सांगतो. वर्चस्वाचा प्रश्न असा उगमापाशीच आहे.

वर्चस्वाची वाट अनुवादातून जाते. इंग्रज प्राच्यविद्यापंडित विल्यम जोन्सने कालिदासाचे शाकुंतल आधी लॅटिनमध्ये शब्दशः उतरवले, त्यावरून इंग्रजी भाषांतर केले (१७८९). जर्मन लेखक गेओर्ग फोर्स्टरने इंग्रजीवरून जर्मन केले (१७९१). गटे भारावला तो या जर्मन अवतारावर. म्हणून अनूदित कृती अभ्यासताना अनुवाद मूळ भाषेतून की मधल्या भाषेतून, कोणत्या संहितेवरून आणि काय गाळून, हे आधी तपासावे लागते. रवींद्रनाथ ठाकुरांच्या इंग्रजी गीतांजलीत (१९१२) १०३ गद्यकाव्ये आहेत. त्यांपैकी जेमतेम निम्मी त्याच नावाच्या बंगाली संग्रहातील आहेत. दोन्ही पुस्तके एकच समजून केलेली तुलना म्हणूनच फसते. १९८० च्या सुमारास जगातील अनूदित पुस्तकांपैकी ४० टक्क्यांहून अधिक इंग्रजीतून झालेली होती, अशी समाजशास्त्रज्ञ हाइलब्रोनची मांडणी आहे.

विश्वसाहित्याच्या अभ्यासकांपैकी पास्काल काझानोव्हा (१९९९) पॅरिसला साहित्यिक मान्यतेचे केंद्र मानते. फ्रांको मोरेत्ती (२०००) केंद्र-परिघाच्या विषम व्यवस्थेचा नकाशा मांडतो. त्यासाठी त्याने सुचवलेले ‘दूरस्थ वाचन’, म्हणजे कृती स्वतः बारकाईने न वाचता मोठा पट पाहणे, इतरांच्या अभ्यासांवर उभे असते, आणि ते अभ्यास ज्या भाषांत मुबलक, त्यांचेच पारडे पुन्हा जड होते. त्याची कसोटी मुख्यतः कादंबरीची. मौखिक महाकाव्य किंवा भाष्यपरंपरा तीत बसत नाही. एमिली ॲप्टर (२०१३) अननुवादनीयतेवर (अनुवादात न उतरणाऱ्या गोष्टींवर) भर देते, तर आमिर मुफ्ती (२०१६) विश्वसाहित्याची घडण वसाहतकालीन प्राच्यविद्येशी (पाश्चात्त्यांनी केलेल्या पौर्वात्य भाषा-संस्कृतींच्या अभ्यासाशी) जोडतो. अनुवादाच्या प्रत्यक्ष वाटांचा उलगडा करण्यास मुफ्तीची दिशा अधिक उपयोगी पडते.