थीफ: द डार्क प्रोजेक्ट

अमेरिकेतील लुकिंग ग्लास स्टुडिओज (केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स) या कंपनीने तयार केलेला व १९९८ च्या अखेरीस आयडॉस इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केलेला संगणकीय गेम. स्टेल्थ, म्हणजे लपतछपत खेळायच्या गेमप्रकाराचा तो एक पाया मानला जातो. त्याच वर्षी जपानमधून ‘टेन्चू’ आणि ‘मेटल गिअर सॉलिड’ही आले.

१९९६ च्या सुमारास काम सुरू झाले, तेव्हा या कल्पनेत चोर मुख्य नव्हताच. तलवारबाजीचा गेम करायचा होता. कधी शीतयुद्धातले कम्युनिस्ट झॉम्बी, तर कधी आर्थर राजाच्या कथेत खलनायक मॉर्ड्रेडलाच नायक करणारा ‘डार्क कॅमलॉट’, अशी कथानके बदलत गेली. शेवटी संस्थापक पॉल न्यूराथ यांच्या सूचनेवरून सगळा भर चोरीवर आला. ग्रेग लोपिकोलो प्रकल्पप्रमुख होते, तर टॉम लिओनार्ड मुख्य प्रोग्रॅमर.

नायक चोर गॅरेट समोरासमोरच्या लढाईत कच्चा आहे, आणि गेमचे खरे बळ यातच आहे. पडद्याच्या तळाशी असलेला प्रकाशमणी तो किती उजेडात आहे हे दाखवतो. मशाल आड येत असेल तर पाण्याचा बाण मारून ती विझवायची. गालिच्यावर पावले वाजत नाहीत. संगमरवरी फरशीवर आणि लोखंडी जाळीवर मात्र खणखणतात, म्हणून तिथे आधी शेवाळाचा बाण सोडायचा. आवाज भिंतीतून आरपार न जाता दारे-बोळांतून फिरत कानी येतो, त्यामुळे पहारेकरी कुठे आहे हे दिसण्याआधीच कळते. पहारेकऱ्यालाही तसेच ऐकू येते: आधी नुसता संशय, मग शोधाशोध, मग हल्ला. काही सापडले नाही तर तो पुटपुटत परत गस्तीला लागतो. एरिक ब्रोशियस यांच्या ध्वनिरचनेचे श्रेय इथे मोठे आहे. सर्वांत अवघड पातळीवर माणसाला मारण्यास बंदी आहे; हा नियम गेमच्या स्वभावाला इतका शोभतो की खरा ‘थीफ’ त्याच पातळीवर खेळावा.

‘थीफ २’ (२००० ) बाजारात आला आणि त्याच वर्षी मे महिन्यात आर्थिक ओढाताणीमुळे लुकिंग ग्लास बंद पडली. पुढचे भाग २००४ आणि २०१४ मध्ये इतर स्टुडिओंनी केले. ‘डिसऑनर्ड’ या गेमवर (२०१२) ‘थीफ’ची छाप उघड दिसते. २०१२ मध्येच एका अनाम प्रोग्रॅमरने मूळ डार्क इंजिन (‘थीफ’ ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) नव्या संगणकांवर नीट चालावे म्हणून ‘न्यूडार्क’ हा पॅच, म्हणजे सुधारणा, उपलब्ध करून दिला, आणि ‘ड्रोमेड’ या गेमचे टप्पे रचण्याच्या एडिटरमध्ये चाहत्यांचे नव्या मोहिमा रचणे चालूच राहिले.