तुरीची बेळे आणि इंग्रजीचा कान

फर्स्ट पीयूसीला, म्हणजे अकरावीला, सायन्स घेतलेला माझा भाचा परवा घरी आला तो एका क्लासचा कागद घेऊनच. ‘60 दिवसांत फाडफाड इंग्रजी! झोपताना कानाला लावा, सकाळी बोला.’ त्याची दहावी मराठी माध्यमातून झाली, एसएसएलसीला इंग्रजीत मार्कही चांगले पडले. आता फिजिक्सपासून बायॉलॉजीपर्यंत सगळंच इंग्रजीत आलं, म्हणून पोरगा रोज रात्री मोबाईलवर इंग्रजी मालिका बघतो, खाली हिंदी सबटायटल लावून. “मामा, वाचलं की कळतंय की. पण ऐकलं की नुसता गोंधळ. चार महिने झाले बघायलोय, फरक काहीच नाही.” बहिणीचं निदान ठरलेलं होतं: “ह्याची जीभच जड. लहानपणी वेखंड नीट लावलं नाही आम्ही.”

वेखंडाचं आधी सांगून टाकतो, कारण आमच्या बेळगाव-खानापूर भागात अजूनही बाळाच्या जिभेला वेखंड उगाळून लावतात. त्यानं वाणी सुधारत नाही. उलट आपल्याकडच्या वेखंडात बीटा-असारोन नावाचं अपायकारक द्रव्य बरंच असतं, आणि अमेरिकेत 1968 पासून खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या तोंडात ते घालू नका, एवढीच विनंती.

आणि भाच्याची जीभ अगदी चांगली आहे. मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा तो सरसर बोलतो. अडचण आहे ती कानाची. कानाची म्हणजे बाहेर दिसणाऱ्या कानाची नाही, त्यामागच्या मेंदूची.

‘ताक’ आणि ‘टाक’ हे दोन शब्द म्हणून बघा. आपल्याला यात शंका घ्यायलाही जागा नाही. पण इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या माणसाला हे दोन्ही बहुतेक वेळा एकच ऐकू येतात. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. आवाज बदलला की मान वळवायची, मग एक हलतं खेळणं दिसतं, असा खेळ बाळांना आधी शिकवलेला होता. सहा ते आठ महिन्यांची बाळं त आणि ट बरोबर ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो फरक कळेनासा झाला होता. वर्ष पुरं व्हायच्या आत मेंदूनं ठरवून टाकलं होतं की आपल्या घरात हा फरक कुणी करत नाही, तेव्हा त्यावर लक्ष द्यायचं कारण नाही.

उसाच्या फडात सऱ्या पाडलेल्या असतात. पाणी वरंब्यावर ओतलं तरी ते शेवटी कुठल्या ना कुठल्या सरीतच उतरतं. आवाजांचंही तसंच आहे. घरात जे बोलणं चालतं त्यानं पहिल्या वर्षात मेंदूत सऱ्या पडतात, आणि पुढे परका आवाज आला की तो जवळच्या सरीत उतरतो. मधला आवाज मधलाच ऐकू येणं फार अवघड जातं.

ही सरी नेमकी कशी असते ते मिलिसेकंदांत मोजता येतं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. प, फ, ब हे तिन्ही ओठ मिटून उघडल्यानं होतात. मग फरक कशात? ओठ उघडणं आणि गळ्यातल्या स्वरतंतूंचं कंपन सुरू होणं यांच्या मधल्या वेळेत. ‘बस’मधल्या ब ला कंपन ओठ उघडायच्या आधीच सुरू झालेलं असतं. ‘पळ’मधल्या प ला ओठ उघडले की जवळजवळ लगेच सुरू होतं. ओठ मिटून म्हटलेल्या ‘फळ’मधल्या फ ला मात्र आधी हवेचा झोत बाहेर पडतो आणि कंपन उशिरा येतं. भ मध्ये तर कंपनही असतं आणि झोतही. तळहात ओठांसमोर धरून ‘पळ, फळ’ म्हणा, झोत हाताला लागतो. दुसरा हात गळ्यावर ठेवून ‘बस’ म्हणा, थरथर बोटांना कळते.

ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी 1964 साली अकरा भाषांत हा वेळ मोजला. त्या अकरांत मराठी होती! इंग्रजीचं मापही त्यांनी घेतलं. इंग्रज माणूस शब्दाच्या सुरुवातीला ‘पी’ म्हणतो तेव्हा त्याचं कंपन साधारण 60 मिलिसेकंदांनी येतं, म्हणजे तो आपल्या ओठ मिटलेल्या फ च्या शेजारी जातो. आणि त्याचा ‘बी’ पुष्कळदा ओठ उघडताच कंपन सुरू होणारा असतो, म्हणजे वेळेच्या हिशेबात आपल्या प च्या शेजारी! त्याच्याकडे दोनच सऱ्या, आपल्याकडे चार, आणि त्यांच्या जागाही वेगळ्या. आपण ‘पेअर’ हे फळ मागितलं तर त्याला ‘बेअर’, म्हणजे अस्वल, ऐकू येऊ शकतं ते यामुळे. आपल्या प मध्ये त्याला हवा तो झोत नसतो. यात आपली जीभ जड नाही आणि त्याचा कान बधिरही नाही. दोन शेतांच्या सऱ्या निराळ्या आहेत, इतकंच.

व्यंजनांचं असं. स्वरांचं दुखणं आपल्याला जास्त छळतं, आणि इथे सीमाभागातल्या मुलांपाशी एक ठेवा आहे जो पुण्या-मुंबईच्या मुलांपाशी नाही.

मराठीत ए एकच. म्हणून ‘मिळव’ या अर्थाचा गेट आणि दाराचा गेट आपण सारखेच म्हणतो. शाईचा पेन आणि दुखण्याचा पेन, पश्चिम दिशेचा वेस्ट आणि वाया गेलेला वेस्ट, सगळे एकाच सरीत. बॅटीच्या ॲ साठी आपण निदान वेगळी खूण तरी करून घेतली. या दोन ए साठी ती नाही. पण कन्नडमध्ये ए दोन आहेत, एक ऱ्हस्व आणि एक दीर्घ, आणि त्यांची अक्षरंही वेगळी. ऱ्हस्व ए चं ‘बेळे’ म्हणजे पीक. दीर्घ ए चं ‘बेळे’ म्हणजे डाळ. ‘तोगरी बेळे’ म्हणताना ए जरा आखडला की शेतातलं तुरीचं पीक होतं, लांबवला की आमटीची तूरडाळ. बाजारात कन्नड दुकानदाराशी बोलणाऱ्या आमच्या कुठल्याही पोराला हा फरक कानानं कळतो.

मी भाच्याला म्हटलं, “मिळव वाला गेट पिकाच्या ए नं म्हण, दाराचा गेट डाळीच्या ए नं.” त्यानं म्हटलं, आणि क्षणभर थांबला. इंग्रजीत या दोन स्वरांचा फरक नुसत्या लांबीचा नाही. दाराच्या गेटमधला ए शेवटी इ कडे सरकतो, तर दुसऱ्या गेटमध्ये तोंड थोडं जास्त उघडं असतं. पण लांबीचं बोट धरून पुढे जाता येतं. शाळेत इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर देवनागरीत उच्चार लिहायची जी सवय आहे, ती मात्र नेमकी हाच फरक पुसून टाकते. लिहायचाच असेल तर कन्नड अक्षरांत लिहा, तिथे दोन ए आहेत!

आता टीव्हीकडे येऊ. सऱ्या पहिल्या वर्षात पडतात हे वाचून कुणी बाळासमोर दिवसभर इंग्रजी कार्टून लावेल, म्हणून पॅट्रिशिया कूल यांच्या गटाचा 2003 सालचा प्रयोग सांगायला हवा. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी बोलणारी माणसं बारा बैठकांत समोर बसून बोलली, पुस्तकं दाखवली, खेळली. त्या बाळांना चिनीतले अवघड आवाज ओळखता येऊ लागले. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं. त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. बाळाला समोर माणूस लागतो. पडदा आजीची जागा घेऊ शकत नाही, आणि आजीची मराठी बाळाच्या आड येत नाही.

मग सोळा वर्षांच्या मुलाला मालिकांनी फायदा का व्हावा? कारण त्याला एक गोष्ट येते जी बाळाला येत नाही: वाचता येतं.

2003 सालीच नेदरलँड्समध्ये डेनिस नॉरिस, जेम्स मॅक्वीन आणि ॲन कटलर यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी इंग्रजी फ आणि स यांच्या बरोबर मधला एक आवाज तयार केला आणि तो डच शब्दांच्या शेवटी बसवला. मराठीत कल्पना करायची तर ‘बर्फ’मधला फ काढून तिथे तो मधला आवाज घातला. ‘बर्स’ असा शब्द नाही, म्हणून ऐकणारा त्याला आपोआप ‘बर्फ’च ऐकतो. असे जेमतेम वीस शब्द इतर शब्दांत मिसळून ऐकवल्यावर ऐकणाऱ्यांची फ ची सीमाच सरकली. आता तोच मधला आवाज एकटा ऐकवला तरी त्यांना फ वाटू लागला. म्हणजे मोठेपणीही वरंबा हलतो! अट एकच, तो आवाज काय असायला हवा होता हे मेंदूला त्याच क्षणी कळलं पाहिजे. मातृभाषेत हे शब्दसंग्रह सांगतो. परक्या भाषेत कोण सांगणार?

खालची अक्षरं सांगतात. हॉल्गर मिटरर आणि मॅक्वीन यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. इंग्रजी चांगली येणाऱ्या डच माणसांना त्यांनी ऑस्ट्रेलियन किंवा स्कॉटिश ढंगाची, म्हणजे त्यांच्या कानाला नवखी इंग्रजी साधारण 25 मिनिटं दाखवली. काहींना इंग्रजी सबटायटल, काहींना डच, काहींना काहीच नाही. मग त्याच बोलणाऱ्यांची आधी न ऐकलेली वाक्यं ऐकवून तशीच म्हणायला सांगितली. इंग्रजी अक्षरं वाचलेल्यांना सबटायटलशिवाय बघणाऱ्यांपेक्षा जास्त जमलं. आणि डच अक्षरं वाचलेल्यांना सबटायटलशिवाय बघणाऱ्यांपेक्षाही कमी! मातृभाषेतली अक्षरं गोष्ट सांगतात, पण कानावर पडणाऱ्या आवाजाशी जुळत नाहीत. मेंदूला सीमा सरकवायला आधार मिळत नाही, उलट भलतेच आवाज जागे होतात.

भाच्याचे चार महिने कुठे गेले ते इथे आहे. तो हिंदी वाचत होता. इंग्रजी मागे वाजत होती, लग्नाच्या मांडवातल्या सनईसारखी.

आपल्याच देशात या कल्पनेचं एक मोठं रूप आहे. अहमदाबादच्या आयआयएममधून ब्रिज कोठारी यांनी 1996 पासून दूरदर्शनवरच्या गाण्यांखाली त्याच भाषेतले शब्द दाखवायचा आग्रह धरला. त्यांचा हेतू लोकांचं वाचन सुधारण्याचा होता. गाणं पाठ असतं, म्हणून डोळे अक्षरांवर जातात. आपल्याला हेच उलट्या दिशेनं करायचं आहे: अक्षरं येतात, त्यांच्या जोरावर आवाज पकडायचा.

त्यानंतर शब्द तुटण्याचा प्रश्न. इंग्रजीत बलाघात नसलेले, म्हणजे जोर न दिलेले, स्वर चेपले जातात, आणि दोन शब्दांच्या मधे शांतता नसतेच. मराठीतही नसते. ‘काय करत आहेस’ असं कोण म्हणतं? आपण ‘काय करायलायस’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते तुकडे दिसतात. अमेरिकन माणूस ‘वॉटर’ म्हणताना जीभ टाळूला नुसती चाटून नेतो आणि आपल्याला ‘वॉडर’ ऐकू येतं. अक्षरं समोर असली की मालिकेचे पाच-सहा भाग बघेपर्यंत हे तुकडे दिसायला लागतात.

एकाच सरांचे व्हिडिओ बघून मात्र भागत नाही. जपानी लोकांना इंग्रजीतले र आणि ल वेगळे ऐकू येत नाहीत. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला डेव्हिड पिसोनी यांच्या गटानं त्यांना शिकवून बघितलं, तेव्हा एकाच आवाजावर शिकलेल्यांना नवा माणूस बोलू लागला की अडायचं. अनेक आवाजांवर शिकलेले नव्या माणसालाही समजून घ्यायचे. म्हणून मालिका उत्तम, त्यात म्हातारे असतात, मुलं असतात, रागावणारे असतात. अगदीच कठीण जात असेल तर व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारी रेडिओचे जुने संथ कार्यक्रम ऐकावेत. 1959 साली सुमारे 1500 शब्दांच्या मर्यादेत ते सुरू झाले, आणि त्यांत संथ वाचलेलं असल्यामुळे शब्द सुटे कळतात.

झोपेतल्या शिकण्याचा दावा 1956 मध्येच तपासला गेला आहे. चार्ल्स सायमन आणि विल्यम एमन्स यांनी झोपलेल्या माणसांच्या मेंदूच्या लहरी नोंदवत त्यांना माहिती ऐकवली. खऱ्या झोपेत ऐकवलेलं सकाळी कुणाला सांगता आलं नाही. झोप स्मृती पक्की करते, पण जागेपणी शिकलेल्याची. अशा क्लासला आई-बापांचे कष्टाचे पैसे देऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. कागद भाच्यानं फाडला.

आता तो एका भागातली दहाच मिनिटं घेतो. आधी इंग्रजी अक्षरांसह, मग अडलेलं वाक्य पुन्हा, मग अक्षरं झाकून. दुसऱ्या दिवशी तीच दहा मिनिटं अक्षरांशिवाय. तीन आठवड्यांनी फोन आला: “मामा, आज फिजिक्सच्या लेक्चरला वेट म्हणजे वजन की ओलं, लगेच कळलं. डाळीचा ए होता.”

एक जागा उरली आहे, आणि तिथे कन्नडही मदतीला येत नाही: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’. मराठीत व एक, कन्नडमध्येही एकच. इथे कानानं होत नाही ते डोळ्यांनी करावं लागतं. हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 1976 साली दाखवलं की ओठांवर ‘ग’ दिसत असेल आणि कानावर ‘ब’ पडत असेल, तर बहुतेक मोठ्यांना ‘द’ ऐकू येतो. डोळे ऐकण्यात इतकी ढवळाढवळ करतात, तर ती आपल्या कामाला का लावू नये? ‘व्ही’ला वरचे दात खालच्या ओठाला टेकतात. ‘डब्ल्यू’ला ओठांचा गोल होतो आणि दात ओठाला शिवत नाहीत. हेडफोनवर नुसतं ऐकून हे कळणार नाही, पडद्यावर तोंड दिसलं पाहिजे. भाचा सध्या रोज जेवणानंतर इंग्रजी बातम्या लावतो आणि आधी दोन मिनिटं आवाज बंद करून निवेदिकेचे फक्त ओठ बघतो.