परदेशस्थ नागरिकांचे मतदान व राजकीय कार्य, नाशिक

परदेशात राहूनही मायदेशाशी राजकीय संबंध राखणाऱ्या, मूळच्या नाशिक शहर व जिल्ह्यातील रहिवाशांचा मतदानातील आणि चळवळींतील सहभाग. या विषयाचे दोन कालखंड पडतात. पहिला १९०६ ते १९१० चा, लंडन व पॅरिसमधून नाशिकशी संधान ठेवून चाललेल्या क्रांतिकार्याचा. दुसरा १० फेब्रुवारी २०११ पासूनचा, परदेशस्थ भारतीय नागरिकांना मतदारयादीत नाव नोंदवण्याचा हक्क मिळाल्यानंतरचा. पहिल्या कालखंडातील माणसे कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होती, त्यांना मत नव्हते. दुसऱ्यातील नागरिकांना मत आहे, पण ते देण्यासाठी नाशिकच्या मतदान केंद्रावर स्वतः यावे लागते.

लंडन-नाशिक संबंध : या संबंधाचे मूळ नाशिकच्या तिळभांडेश्वर गल्लीतील मित्रमेळा या मंडळात शोधले जाते. मित्रमेळ्याच्या स्थापनेचे वर्ष १८९९ व १९०० असे दोन्ही दिले जाते. दोन्ही मतांचा मेळ घालायचा तर विनायक दामोदर सावरकर, त्र्यंबकराव म्हसकर व रावजी कृष्ण पागे यांनी १८९९ च्या अखेरीस गुप्त मंडळ स्थापले आणि १९०० च्या आरंभी त्याची उघड शाखा म्हणून मित्रमेळा निघाला, असे मानणे सयुक्तिक ठरते. मित्रमेळ्याचे अभिनव भारत या क्रांतिकारी संस्थेत रूपांतर कधी झाले, हा प्रश्न मात्र अधिक गुंतागुंतीचा आहे. मराठी चरित्रपर लेखनात १९०४ हे वर्ष सर्रास येते व त्या वर्षी नाशिकला झालेल्या बैठकीत नामांतर झाले असे सांगितले जाते. नाशिक कटाच्या (कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनानंतर चाललेल्या) खटल्याच्या आधारे लिहिणारे अभ्यासक हे रूपांतर १९०६ च्या आसपासचे, म्हणजे सावरकरांच्या इंग्लंडगमनाच्या सुमाराचे धरतात. खटल्यातील माहिती बव्हंशी जबान्यांवर व माफीच्या साक्षीदारांवर उभी असल्याने आणि कट लंडनशी जोडणे हे फिर्यादी पक्षाच्या सोयीचे असल्याने तिच्यातील कालक्रम जपून घ्यावा लागतो. उलट चरित्रकारांची भिस्त बरीचशी उत्तरकालीन आठवणींवर आहे. १९०४ मध्ये नाव ठरले असावे आणि ते रूढ व्हायला दोन-तीन वर्षे गेली असावीत, हे मत त्यातल्या त्यात ग्राह्य वाटते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या वादाला महत्त्व आहे, कारण १९०४ मानल्यास लंडनमधील मंडळ ही नाशिकच्या संस्थेची शाखा ठरते. १९०६ मानल्यास नाशिक आणि लंडन ही एकाच संस्थेची जवळजवळ समकालीन केंद्रे ठरतात.

नाशिकजवळच्या भगूर येथे जन्मलेले सावरकर जून १९०६ मध्ये लंडनस्थित क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा यांच्या योजनेतील शिवाजी शिष्यवृत्ती घेऊन लंडनला गेले. हायगेट भागातील ६५, क्रॉमवेल अ‍ॅव्हेन्यू येथील इंडिया हाऊस हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह १ जुलै १९०५ रोजी उघडले होते. तेथून सावरकर मुंबईच्या विहारी व पुण्याच्या काळ या पत्रांसाठी बातमीपत्रे पाठवीत. इटालियन क्रांतिकारक मॅझिनीच्या लेखनाचे त्यांनी केलेले मराठी भाषांतर लंडनहून आले आणि त्यांचे वडील बंधू गणेश उर्फ बाबाराव यांनी १९०७ मध्ये ते इकडे प्रसिद्ध केले. परदेशी राहणाऱ्याने लिहावे आणि घरच्यांनी छापून वाटावे, ही कामाची विभागणी तेव्हापासूनची. तिची जोखीम अर्थातच घरच्यांच्या वाट्याला अधिक आली : देशभक्तिपर कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल जून १९०९ मध्ये बाबारावांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

छापील मजकुराखेरीज दोन गोष्टी परदेशातून नाशिकला पोचल्या. एक, बाँब तयार करण्याची इंग्रजी कृतिपुस्तिका. बाबारावांच्या घरझडतीत तिची सुमारे साठ टंकलिखित पानांची प्रत सापडली आणि ती कलकत्त्यात माणिकतळा बागेत, बंगाली क्रांतिकारकांच्या अड्ड्यावर, मिळालेल्या प्रतीशी जुळणारी होती, असे राजद्रोहविषयक समितीच्या १९१८ च्या अहवालात नमूद आहे. पुस्तिका पॅरिसमधील रशियन क्रांतिकारकांकडून मिळाली, याबद्दल फारसे दुमत नाही. ती हिंदुस्थानात आणण्याचे श्रेय मात्र कोणी पांडुरंग महादेव उर्फ सेनापती बापट यांना देतात, तर बंगाली अभ्यासक हेमचंद्र दास यांना. प्रती एकाहून अधिक असल्याने दोन्ही विधाने खरी असू शकतात; नाशिकची प्रत बापटांच्या मार्गाने आली असणे अधिक संभवनीय. दुसरी गोष्ट म्हणजे ब्राऊनिंग पिस्तुले. इंडिया हाऊसमधील आचारी चतुर्भुज अमीन याने १९०९ च्या आरंभी वीस पिस्तुले आपल्या सामानात दडवून मुंबईस आणली. पुढे तो माफीचा साक्षीदार झाला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या याच पिस्तुलांपैकी एकातून. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे व विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावर अटक झाली. त्यांना हिंदुस्थानात पाठवण्यासाठी फरारी गुन्हेगारांसंबंधीचा १८८१ चा कायदा वापरण्यात आला. वसाहतींतून पळून आलेल्या आरोपींसाठी केलेला हा कायदा उजळ माथ्याने, शिक्षणासाठी लंडनला आलेल्या माणसाला कसा लागू होतो, हा बचाव पक्षाचा मुख्य आक्षेप होता. आरोपांत लंडनमधील कृत्यांबरोबर १९०६ मध्ये इंग्लंडला जाण्यापूर्वी नाशिकला केलेली भाषणेही होती, त्यामुळे नाशिकशी असलेला प्रादेशिक धागा न्यायालयाला पुरेसा वाटला. हिंदुस्थानात नेले जात असताना बोटीतून उडी मारून निसटण्याचा मार्सेलिसचा प्रसंग (८ जुलै १९१०) व त्यातून उद्भवलेल्या वादात हेग येथील लवादाचा ब्रिटनच्या बाजूचा निवाडा (२४ फेब्रुवारी १९११) सुपरिचित आहेत. या खटल्यांनंतर नाशिकचा परदेशातील मंडळांशी असलेला संबंध तुटला. काळाराम मंदिर सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. त्या काळात लढा इकडे दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी चालू ठेवला. मात्र परिषदेचे प्रतिनिधी म्हणून केलेला तो प्रवास होता, परदेशवास नव्हे. म्हणून या नोंदीत त्याचा केवळ निर्देश केला आहे.

मताधिकाराचा कायदा : लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार मतदार होण्यासाठी वयाबरोबरच संबंधित मतदारसंघात सामान्यतः निवासी असणे आवश्यक आहे. सामान्य निवासाचा खुलासा कलम २० करते. केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी तेथील निवासी ठरत नाही. तसेच तात्पुरते बाहेर गेल्याने निवास संपतही नाही. म्हणजे गंगापूर रोडला सदनिका घेऊन ठेवलेला, पण वर्षानुवर्षे दुबईत राहणारा नाशिककर या कलमानुसार नाशिकचा निवासी नव्हे. एका सत्रासाठी जर्मनीला गेलेला विद्यार्थी मात्र निवासीच राहतो. या दोहोंमधली सीमा किती महिन्यांची? सहा महिन्यांची मर्यादा लोकांच्या बोलण्यात व वर्तमानपत्रांतही वारंवार येते, पण कलम २० मध्ये महिन्यांचा आकडाच नाही. वाद उद्भवल्यास त्या प्रकरणातील सर्व वस्तुस्थिती पाहून निर्णय करावा, एवढेच तेथे सांगितले आहे. व्यवहारात घरोघरच्या पडताळणीत जो सापडला नाही त्याचे नाव वगळले जाई, आणि सहा महिन्यांची समजूत बहुधा या प्रथेतूनच रुजली असावी.

ही अडचण दूर करणारे पहिले विधेयक २००६ मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण प्रत्यक्ष बदल २०१० च्या दुरुस्ती अधिनियमाने झाला. त्याने घातलेले कलम २०अ नोकरी, शिक्षण वा अन्य कारणाने परदेशी असलेल्या आणि दुसऱ्या देशाचे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीय नागरिकाला, पासपोर्टवर नमूद असलेल्या भारतातील निवासस्थानाच्या मतदारसंघात नाव नोंदवण्याचा हक्क देते. येथे निवासाची जागा पासपोर्टवरील पत्त्याने घेतली. कलमाची भाषा साधी दिसते, पण तिचे परिणाम बारकाईने पाहण्यासारखे आहेत. पासपोर्टवर सिडकोतील जुना पत्ता असेल आणि कुटुंब नंतर पाथर्डी फाट्याला राहायला गेले असेल, तरी कलमाच्या शब्दांप्रमाणे जुनाच पत्ता मतदारसंघ ठरवतो. दूतावासात नूतनीकरण केलेल्या पासपोर्टवर परदेशातील पत्ता छापला असेल, तर कलमाला हवा असलेला भारतातील पत्ताच उरत नाही. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डधारक हे परकीय नागरिक असल्याने त्यांना हा हक्क नाही. भाषेने, आडनावाने आणि मालमत्तेने नाशिककर असलेल्या कित्येकांचा येथे गैरसमज होतो.

परदेशस्थ मतदारांची सैनिक व सेवा मतदारांशी गल्लत करू नये. देवळाली व नाशिक रोड भागातील तोफखाना दलाच्या आस्थापनांमुळे नाशिकमध्ये ती विशेष होते. सशस्त्र दलातील कर्मचारी आणि परदेशातील कचेऱ्यांत नेमलेले भारत सरकारचे कर्मचारी कलम २० च्याच आधारे आपल्या मूळ गावचे निवासी मानले जातात. त्यांना टपाली मतदान उपलब्ध असून २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली जाते. सैनिकांना प्रतिनिधीमार्फत मतदानाचाही पर्याय आहे. तेव्हा एकाच शहरातील दूतावासाचा कारकून मत टपालाने धाडू शकतो आणि त्याच्या शेजारी राहणारा खासगी नोकरीतला नाशिककर धाडू शकत नाही.

नोंदणी व मतदान : अर्ज नमुना ६अ मध्ये करतात, तो ऑनलाइन वा टपालाने मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे जातो. सोबत पासपोर्ट व व्हिसाच्या पानांच्या स्वसाक्षांकित प्रती लागतात. केंद्रस्तरीय अधिकारी दिलेल्या घरी जाऊन नातेवाइकांकडे चौकशी करतो. नातेवाईक नसल्यास किंवा ते लेखी देण्यास राजी नसल्यास कागदपत्रे त्या देशातील भारतीय दूतावासाकडे पडताळणीसाठी पाठवतात. नाव त्या मतदान केंद्राच्या यादीच्या शेवटी स्वतंत्र भागात येते. मतदार ओळखपत्र मिळत नाही. मूळ पासपोर्ट दाखवून मत देता येते. कायमचे परत आल्यावर तसे कळवून नमुना ६ भरून सर्वसाधारण मतदार म्हणून नोंद करून घ्यावी लागते.

जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. त्यांपैकी सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली व इगतपुरी हे नाशिक लोकसभा मतदारसंघात, नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड व दिंडोरी हे दिंडोरीत, तर मालेगावचे दोन व बागलाण हे धुळे मतदारसंघात येतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत या तिन्ही ठिकाणी २० मे रोजी मतदान झाले. त्या वेळी देशभरात १,१९,३७४ परदेशस्थ मतदार नोंदलेले होते (२०१९ मध्ये ९९,८४४) व त्यांतील २,९५८ जणांनी मत दिले. नोंदींपैकी ८९,८३९ एकट्या केरळातील. महाराष्ट्रात ५,०९७ नावे होती आणि मतदान केलेले १७. एवढ्या लहान आकड्याचे जिल्हावार विश्लेषण करण्यात अर्थ नाही. कारण उघड आहे : परदेशातून मुंबईला यायचे, कसारा घाट चढून नाशिकला पोचायचे, मत देऊन रजा संपायच्या आत परतायचे, हा खर्च मतासाठी कोणी सहसा करत नाही. मे महिन्यात लग्नकार्याला आलेल्यांचेच मत पडण्याची शक्यता अधिक. केरळातील नोंदणीमागे आखाती देशांतील संघटित मंडळांचे प्रयत्न आहेत. तशी यंत्रणा नाशिककरांमध्ये उभी राहिलेली दिसत नाही.

तिकिटाचा खर्च उमेदवाराने केला तर? लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३(५) नुसार मतदारांना मतदान केंद्रापर्यंत नेण्या-आणण्यासाठी वाहन किंवा जहाज पुरवणे हा भ्रष्टाचार ठरतो. पण त्याच्या स्पष्टीकरणात वाहन म्हणजे रस्ते वाहतुकीचे साधन असे म्हटले आहे, त्यामुळे विमान त्यात बसवणे कठीण. असा खर्च त्याच कलमाच्या लाचेविषयीच्या पोटकलमाखाली तपासणे अधिक योग्य होईल.

प्रत्यक्ष येण्याची अट काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. प्रतिनिधीमार्फत मतदानाची मुभा देणारे विधेयक ९ ऑगस्ट २०१८ रोजी लोकसभेत मंजूर झाले, पण राज्यसभेत न जाता १६ व्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले. २०२० मध्ये निवडणूक आयोगाने सेवा मतदारांची इलेक्ट्रॉनिक टपाली पद्धत परदेशस्थांनाही लागू करण्याची तयारी केंद्र सरकारला कळवली. प्रतिनिधी पद्धतीपेक्षा ही पद्धत निर्दोष वाटते. घरातल्या कर्त्या माणसाच्या हाती चार-पाच मते देण्याचा धोका तीत नाही.

मतदानाव्यतिरिक्त सहभाग : परदेशातील मराठी मंडळे (लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे) मुख्यतः सांस्कृतिक स्वरूपाची आहेत व पक्षीय राजकारणापासून अंतर ठेवतात. राजकीय देवाणघेवाण चालते ती कुटुंबाच्या व गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत. पक्षांना देणगी देण्याबाबत मात्र कायदा स्पष्ट आहे. परकीय योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० राजकीय पक्षांना व उमेदवारांना परकीय निधी घेण्यास मनाई करतो. परंतु भारतीय पासपोर्ट असलेल्याने आपल्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम परकीय योगदान समजली जात नाही. नागरिकत्व सोडलेल्या, ओसीआय कार्ड घेतलेल्या भावाची तेवढीच रक्कम मात्र परकीय ठरते. परदेशस्थ मतदाराला निवडणूक लढवण्यासही आडकाठी नाही, कारण त्यासाठी लागणारी मतदार असण्याची पात्रता कलम २०अ खालील नोंदणीने पूर्ण होते. वय, शपथ, अनामत रक्कम इ. अटी इतरांप्रमाणेच.