टाइल पाणी पिते का, ते आधी बघा

गेल्या पावसाळ्यात आमच्या फोंड्याच्या घरी बाल्कांवातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, दोन टाइल्स सुटून हातात आल्या. पाठ अगदी कोरी, सिमेंटचा कण नाही. मिस्त्री म्हणाला माल खराब. उलट, माल चांगला होता म्हणूनच सुटल्या!

टाइल म्हणजे शेवटी भाजलेली माती, आत बारीक भोकं राहिली की तेवढं पाणी ती पिणारच. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते, विट्रिफाइड अर्धा टक्का किंवा त्याहून कमी, कारण १२०० डिग्रीच्या आसपास भाजताना आतलं फेल्डस्पार नावाचं खनिज वितळून काच होतं आणि भोकं बुजतात. आपल्या गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तेव्हा अंगणात, गच्चीवर विट्रिफाइडच घ्यायची.

पण सिमेंट टाइलला धरतं कसं? स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, त्या भोकांत शिरते आणि तिथेच तिचे स्फटिक वाढून अडकून बसतात. भोकंच नसतील तर शिरणार कुठे? म्हणून विट्रिफाइडला पॉलिमरवालं टाइल अ‍ॅडेसिव्ह लागतं, तेही दातेरी पट्टीने सगळीकडे पसरून. चार कोपऱ्यांत गोळे ठेवून टाइल ठोकली की मधे पोकळी राहते, त्यात पाणी साचतं, सिमेंटमधला चुना विरघळून सांध्यांतून वर येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड लागून त्याचा पांढरा थर होतो, तो कितीही घासा, परत येतो. नाण्याने टकटक केलं की पोकळ जागा लगेच कळते.

घसरण्याचं म्हणाल तर दुकानातली चकचकीत टाइल विसरा. तळवा आणि टाइलमधे पाण्याचा पातळ थर राहिला की पाय गेलाच, खरखरीत टाइलचे उंचवटे तो थर फोडतात. माहितीपत्रकात आर ९ ते आर १३ असा नंबर मिळतो. तो काढायला माणूस बूट घालून तेल लावलेल्या उतारावर चालतो, उतार वाढवत नेतात आणि पाय कुठल्या कोनाला सुटतो ते बघतात. आर ११ म्हणजे १९ अंशांच्या पुढे. न्हाणीघरात आपण अनवाणी, वर साबण, म्हणून तिथली टेस्ट वेगळी, ए, बी, सी अशी, सीची पकड सगळ्यात जास्त. फार खरखरीतही नको हां, शेवाळ घासता घासता खांदे निघतात.

मीटरमागे एक-दीड सेंटिमीटर ढाळ हवाच. आणि वॉटरप्रूफिंग टाइलच्या खाली करायचं, सांध्यांत भरलेल्या सिमेंटच्या ग्राउटमधून पाणी झिरपतंच.

यंदा मिस्त्रीसमोर नवी टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकला. त्याचा चहा पिऊन झाला तरी थेंब तिथेच. तो एकदा थेंबाकडे बघतो, एकदा आणलेल्या गोणीकडे. "बाय, मग ह्या सिमेंटचं काय करू?"