फावला वेळ मोजायचा कसा?

२०२४च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार सहा वर्षे आणि त्यापुढचा भारतीय माणूस दिवसाचा सरासरी ११ टक्के वेळ करमणूक, छंद, खेळ आणि टीव्ही-मोबाइल यांत घालवतो. म्हणजे साधारण २ तास ३८ मिनिटे. २०१९मध्ये हे प्रमाण ९.९ टक्के होते. मोकळा वेळ वाढला असे यावरून म्हणता येईल, पण त्याआधी ही मिनिटे गोळा कशी होतात ते पाहायला हवे.

‘रोज किती वेळ मोकळा मिळतो?’ असे थेट विचारून उपयोग नसतो. लोक अंदाजे तास सांगतात. कामाचे, प्रवासाचे, झोपेचे असे सगळे तास मिळवले की बेरीज चोवीसच्या पुढेमागे जाते. म्हणून संशोधक एकच दिवस क्रमाने विचारतात. आपल्या पाहणीत हा दिवस पहाटे ४ला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटे ४ला संपतो, कारण मध्यरात्री दिवस तोडला तर रात्री उशिरापर्यंत पाहिलेला सामना दोन दिवसांत वाटला जातो. चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे ४८ कप्पे करतात. एका कप्प्यात जास्तीत जास्त तीन कामे लिहायची आणि तीही किमान १० मिनिटे चाललेली. युरोपातल्या पाहण्यांत कप्पा १० मिनिटांचा असतो आणि माणूस स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत रोजनिशी भरतो. आपल्याकडे प्रगणक घरी येऊन विचारतो. ज्याला लिहिता येत नाही त्याचाही दिवस त्यामुळे मोजला जातो. मात्र पाच-सात मिनिटांची विश्रांती अशा जाळ्यातून गळते.

पुढची पायरी प्रत्येक कामाला सांकेतिक क्रमांक देण्याची. संयुक्त राष्ट्रांच्या २०१६च्या वर्गीकरणात कामांचे नऊ मोठे विभाग आहेत. पत्ते, कॅरम, क्रिकेट, टीव्ही, नुसते पडून राहणे हे सगळे आठव्या विभागात. पारावरच्या गप्पा आणि मंदिरातले भजन मात्र सातव्या, म्हणजे भेटीगाठी, सामाजिक सहभाग आणि धार्मिक आचरणाच्या विभागात. झोप नवव्यात. तेव्हा सुरुवातीच्या ११ टक्क्यांत ना गप्पा आहेत, ना भजनी मंडळ. मराठी गावातल्या विरंगुळ्याचा केवढा तरी भाग आकड्याबाहेर राहतो. आठव्या विभागावरून ‘गावात करमणूक कमी’ असे कुणी लिहिले, तर सातवा विभागही उघडून पाहा.

सरासरीचा घोळ याहून मोठा. दहा जणांपैकी दोघे तासभर खेळले, तर ‘खेळणाऱ्यांची’ सरासरी ६० मिनिटे आणि ‘सगळ्यांची’ १२ मिनिटे. अहवालात दोन्ही प्रकारचे तक्ते शेजारी-शेजारी असतात आणि बातम्यांत ते बिनदिक्कत मिसळतात. २०२४मध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांनी बिनपगारी घरकामावर दिवसाला २८९ मिनिटे, तर पुरुषांनी ८८ मिनिटे घालवली. हे आकडे फक्त त्या दिवशी घरकाम केलेल्यांचे आहेत. घरकामाला हातच न लावलेले पुरुष या ८८ मिनिटांत धरलेलेच नाहीत. ते धरले तर पुरुषांची सरासरी आणखी घसरते.

वारांचाही हिशेब लागतो. समजा, कामाच्या दिवशी २ तास मोकळे मिळतात आणि सुटीच्या दिवशी ६. पाहणीत दोन्ही प्रकारचे दिवस सारखेच आले आणि नुसती सरासरी काढली, तर ४ तास येतात. कामाचे पाच आणि सुटीचे दोन दिवस धरून प्रत्येक प्रकाराला त्याच्या दिवसांइतके वजन दिले तर ३ तास ९ मिनिटे. रविवारची एकच सुटी असेल तर २ तास ३४ मिनिटेच.

एवढे सगळे नीट केले तरी मिनिटांची जात कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्रज्ञांनी २००० साली वेळ-पाहण्यांची आकडेवारी उलगडून पाहिली, तेव्हा स्त्री-पुरुषांच्या एकूण मोकळ्या वेळात फारसा फरक नव्हता. पण स्त्रियांचा वेळ अधिक तुटक आणि मुलांच्या सोबतीतला होता. मालिका बघत मेथी निवडणाऱ्या बाईच्या कप्प्यात मुख्य काम कोणते लिहायचे, यावर तिची ३० मिनिटे विरंगुळ्यात जातील की घरकामात, हे ठरते. सोबतचे काम नोंदवले, तरी तक्त्यांत सहसा मुख्य कामच वर येते. माझ्या मते आपल्या पाहणीची खरी मर्यादा ही आहे; नमुन्याचा आकार नव्हे.

घरच्या घरी हे तपासायचे तर कामाचे दोन दिवस आणि एक सुटी निवडा. १० मिनिटांचे कप्पे पाडून पाच रकाने आखा: वेळ, मुख्य काम, सोबत चाललेले काम, कोणासोबत, कुठे. दर दोन-तीन तासांनी भरा. रात्री एकदम लिहायला बसलात की चहा, वाट पाहणे आणि फोन चाळणे गायब होते. ‘मोबाइल’ एवढेच लिहू नका, त्यावर काय केले ते लिहा. भावाशी बोलणे सातव्या विभागात जाते आणि रील पाहणे आठव्या. फोनमधल्या स्क्रीन-वेळेशी तुमची बेरीज जुळणार नाही, कारण फोन दहा-वीस सेकंदांचे डोकावणेही मोजतो. दोन्ही आकडे वेगळे ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला आपापली वही द्या. दुसऱ्याच्या सांगण्यावरून कुणाचा दिवस नीट कळत नाही.