माईकसमोरची धडधड

१०२२ मधून १३ वजा करा. जे उत्तर येईल त्यातून पुन्हा १३, मग पुन्हा १३, मोठ्यानं आणि न थांबता. समोर अनोळखी माणसं बसली आहेत. अंगात पांढरे कोट, चेहऱ्यावर ना हसू ना राग. चुकलात की त्यांच्यातला एक जण म्हणणार, ‘‘चूक. पुन्हा १०२२ पासून.’’ आणि हे सगळं सुरू होण्याआधी याच माणसांपुढे तुम्ही पाच मिनिटं भाषण केलेलं आहे, या नोकरीला मीच कसा योग्य हे पटवण्यासाठी. त्याच्या तयारीला जेमतेम दहा मिनिटं मिळाली होती.

जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात किर्शबाउम, पिर्के आणि हेलहामर यांनी १९९३ मध्ये ही चाचणी मांडली. ताण आला की शरीरात काय घडतं हे अभ्यासायचं होतं, पण धडधाकट माणसाला प्रयोगशाळेत खरा ताण आणायचा कसा, हीच अडचण होती. उपाय साधा निघाला: चारचौघांत बोलायला उभं करा. या चाचणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक दुप्पट ते चौपट वाढलेलं आढळलं. आजही ताणाच्या संशोधनात ही चाचणी जगभर वापरतात.

म्हणून ‘आमच्या मुलाला स्टेज डेअरिंगच नाही’ असं कुणी म्हणालं की मला थांबवून सांगावंसं वाटतं, की त्या मुलाचं शरीर बिघडलेलं नाही. कोणत्याही माणसाचं शरीर जे करतं तेच ते करतंय.

पुढे २००४ मध्ये डिकरसन आणि केमेनी या संशोधिकांनी अशा प्रकारचे २०८ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसतं अवघड काम दिल्यानं कॉर्टिसॉल फारसं चढत नाही. ते सर्वाधिक चढतं दोन गोष्टी एकत्र आल्यावर: दुसरे आपल्याला जोखत आहेत, आणि जे चाललंय ते आपल्या हातात नाही. नाशिकजवळच्या दिंडोरीकडचा एखादा द्राक्ष बागायतदार घ्या. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, डाऊनी हा बुरशीचा रोग कधी येतो आणि कशानं आटोक्यात राहतो, सगळं त्याला तोंडपाठ. बांधावर उभा राहून तो तासभर बोलेल. त्याच विषयावरच्या चर्चासत्रात, दोनशे माणसांत, माईक हातात आला की मात्र प्रश्न घशातच अडकतो. त्याचं ज्ञान तेवढंच आहे. बदललंय ते एवढंच, की आता त्याला जोखलं जातंय आणि पुढे काय होईल ते त्याला ठाऊक नाही.

अशा वेळी आधी ॲड्रेनालिन सुटतं. हृदय जोरात धडधडतं, श्वास उथळ होतो, पाण्यासारखी लाळ कमी होते आणि तोंडाला कोरड पडते. स्वरयंत्राभोवतीचे स्नायू आखडतात, म्हणून आवाज चिरकतो. थोड्या वेळानं कॉर्टिसॉल वाढतं, आणि त्याचा परिणाम थेट आठवणीवर होतो. झुरिचमध्ये दे क्वेर्व्हेन आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना शब्दांची यादी पाठ करायला दिली आणि दुसऱ्या दिवशी ती आठवायला सांगण्याच्या तासभर आधी कॉर्टिसोनची गोळी दिली; शरीरात त्याचं कॉर्टिसॉलच होतं. शब्द डोक्यात होते, पण बाहेर काढताना अडचण आली. औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत कॉर्टिसोननंतर कमी शब्द आठवले. स्पर्धेत उभं राहिलेल्या मुलाचं चार दिवस घोकलेलं भाषण तिसऱ्या ओळीवर गुल होतं, ते बहुधा अशाच कारणानं. ‘नीट पाठ केलं नसशील’ हा त्याच्यावर होणारा आरोप मला अन्यायाचा वाटतो.

मग या धडधडीचं करायचं काय? आपल्याकडचा ठरलेला सल्ला म्हणजे ‘शांत हो’. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये नेमका हाच सल्ला तपासला. भाषणाआधी काही जणांना मोठ्यानं म्हणायला लावलं, ‘मी शांत आहे’. इतरांना सांगितलं, म्हणा, ‘मला उत्साह वाटतोय’. दुसऱ्या गटाची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटणारी आणि आत्मविश्वासाची वाटली. त्यांची धडधड काही कमी झाली नव्हती. धावणारं हृदय एका वाक्यानं थांबवता येत नाही, पण ते कशासाठी धावतंय याचा अर्थ मात्र बदलता येतो. श्वासाचा उपयोग होतोच. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, म्हणून घेण्यापेक्षा सोडण्याला जास्त वेळ द्यावा. बोलायला उठण्याआधी असे चार-पाच श्वास पुरतात.

आता मला सगळ्यांत मोलाचा वाटणारा प्रयोग. बोलणाऱ्याला खात्री असते की आपले थरथरते हात, आपली घालमेल, सगळं समोरच्यांना स्पष्ट दिसतंय. साव्हिट्स्की आणि गिलोव्हिच या मानसशास्त्रज्ञांनी हे मोजलं. बोलणारे स्वतःला जितके घाबरलेले समजत होते, त्यापेक्षा ऐकणाऱ्यांना ते कितीतरी कमी घाबरलेले वाटले. घालमेल बरीचशी आतच असते, आणि समोरच्यांना दिसतो तो मुख्यतः बोलणारा माणूस. २००३ मध्ये त्यांनी पुढचं पाऊल टाकलं. बोलणाऱ्यांचे तीन गट केले. एकाला काहीच सांगितलं नाही. दुसऱ्याला धीर दिला: घाबरणं साहजिक आहे, काळजी करू नका. तिसऱ्याला ही माहितीच दिली, की तुमची घालमेल तुम्हाला वाटते तेवढी बाहेर दिसत नाही. तिसऱ्या गटाची भाषणं सरस ठरली, त्यांच्या स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते. नुसता धीर दिलेल्या गटाला तसा फायदा झाला नाही.

हे कळायला सोपं आहे. घाबरलेल्या माणसाचं निम्मं लक्ष स्वतःकडे असतं: हात थरथरतोय का, आवाज कापतोय का, लोकांच्या ते लक्षात आलं का. तिकडे गुंतलेलं लक्ष विषयाला मिळत नाही. आत चाललेलं वाटतं तेवढं बाहेर दिसत नाही हे एकदा पटलं की राखणीला बसवलेलं ते लक्ष मोकळं होतं. तेव्हा पाठीवर हात ठेवून ‘घाबरू नकोस’ म्हणणाऱ्या काका-मावशींना माझी विनंती आहे, की त्याऐवजी ‘तू घाबरलास तरी तुला वाटतं तेवढं आम्हाला कळणार नाही’ असं सांगा. ते खरंही आहे.

सरावाबद्दलही थोडं नीट बोलायला हवं, कारण ‘सराव करा’ एवढं सांगून भागत नाही. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर चक्क झुरळांवर प्रयोग केला. उजेडापासून पळून अंधाऱ्या कोपऱ्यात जायचं, एवढंच झुरळाचं काम. बाजूच्या पारदर्शक खोक्यांत दुसरी झुरळं प्रेक्षक म्हणून ठेवली. सरळ वाटेवर धावणारं झुरळ प्रेक्षक असताना जास्त वेगानं पोहोचलं. वाट वळणाची असली की प्रेक्षकांमुळे त्याला उशीर झाला. कुणी पाहत असलं की जे अंगवळणी पडलेलं आहे ते आणखी जोरानं बाहेर येतं, जे अजून कच्चं आहे ते आणखी बिघडतं, असं झायोन्क यांचं म्हणणं होतं. माणसांबाबतही या प्रकारचे परिणाम दिसले आहेत.

म्हणून भाषण शब्दन्‌शब्द घोकण्याच्या मी विरोधात आहे. एक शब्द निसटला की पुढची साखळीच तुटते, आणि कॉर्टिसॉलचा घाव तर आठवणीवरच पडतो. सुरुवातीची दोन वाक्यं पक्की, अगदी झोपेतून उठवलं तरी येतील इतकी पक्की करावीत. पुढचे तीन-चार मुद्दे चिठ्ठीवर असावेत आणि ते दर वेळी वेगळ्या शब्दांत मोठ्यानं बोलून पाहावेत. नुसता मनातल्या मनात केलेला सराव पुरत नाही, कारण बोलायचं असतं ते तोंडानं.

दुसरी गोष्ट जागेची. भीती कशी जाते यावरच्या संशोधनात मानसशास्त्रज्ञ मार्क बाउटन यांचं काम फार महत्त्वाचं आहे. एका पिंजऱ्यात उंदराची भीती घालवली आणि त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं, की ती परत येते. म्हणजे भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी ‘इथे काही वाईट होत नाही’ ही नवी शिकवण तयार होते, आणि ती त्या जागेशी जोडलेली राहते. आरशासमोर किंवा घरच्यांपुढे उत्तम बोलणारी मुलगी नाशिकच्या कालिदास कलामंदिराच्या रंगमंचावर गप्प होते, यात तिच्या तयारीचा दोष नाही. तिची नवी शिकवण अजून घराबाहेर पडलेली नाही, एवढंच. उपाय एकच: अनेक जागा, अनेक प्रकारची माणसं, आणि चढत्या क्रमानं. आधी घरात, मग नातेवाइकांत, मग सोसायटीच्या सभेत पार्किंगबद्दल एक वाक्य, मग एखाद्या कार्यक्रमानंतर उभं राहून विचारलेला एक प्रश्न.

अशा पायऱ्यांची नाशिकमध्ये वाण नाही. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे. मे महिन्यातल्या संध्याकाळी गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते आणि लोक शाल-टोपी सांभाळत नव्हे, घाम पुसत ऐकायला बसतात. चांगलं ऐकणारं गाव ही बोलायला शिकणाऱ्यासाठी मोठी सोय आहे. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ ही भावना कशातून येते याची मांडणी केली. स्वतः करून पाहिलेलं काम हा त्यातला सर्वांत बळकट स्रोत. आपल्यासारख्याच माणसाला ते करताना पाहणं त्याखालोखाल, आणि दुसऱ्यानं दिलेलं प्रोत्साहन त्याहून कमजोर. आधी आत्मविश्वास येईल, मग बोलेन, असं म्हणून वाट पाहणाऱ्यांचा क्रमच उलटा आहे. आणि व्यासपीठावरच्या नामवंत वक्त्यापेक्षा, आपल्याच वर्गातल्या, आपल्याच गल्लीतल्या कुणाला अडखळत का होईना बोलताना पाहिलं, तर ‘मलाही जमेल’ हे लवकर पटतं.

दोन मिनिटं छाती पुढे काढून, कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की संप्रेरकं बदलतात, हा २०१० चा दावा अजून शिबिरांतून ऐकू येतो. २०१५ मध्ये मोठ्या गटावर तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा संप्रेरकांत फरक आढळला नाही. मूळ शोधनिबंधाच्या पहिल्या लेखिका डॅना कार्नी यांनी स्वतःच २०१६ मध्ये जाहीर केलं की हा परिणाम खरा असल्यावर त्यांचा विश्वास उरलेला नाही.

काही जणांची भीती याहून खोल असते. हजेरी देताना, फोन उचलताना, दुकानात पैसे परत मागतानाही जीव घाबरा होतो आणि महिनोन्‌महिने शिक्षण किंवा नोकरी त्यापायी अडून राहते. त्यावर उपचार आहेत, विचार आणि वर्तन यांवर काम करणारी सीबीटी ही पद्धत परिणामकारक आहे. मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला संकोच नको.

आतापर्यंत बोलणाऱ्याबद्दल लिहिलं. पण ट्रिअरच्या चाचणीत ताण आणत होते ते समोर बसलेले निर्विकार चेहरे, आणि ते चेहरे आपलेच असतात. कुणाला किती जोखलं जातं हेही सगळ्यांना सारखं नसतं. घरी अहिराणी बोलणारा बागलाणचा मुलगा शहरातल्या वर्गात उभा राहून ‘पानी’ म्हणाला आणि हशा पिकला, तर त्याची भीती काल्पनिक नाही. मंदिरात प्रवेश मागण्यासाठी १९३० मध्ये ज्या गावात काळाराम मंदिराचा सत्याग्रह करावा लागला, तिथे आवाज दाबले जाणं ही फक्त मानसशास्त्राची बाब नव्हती, हे विसरून चालणार नाही. आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद आहे. ती कागदावर न ठेवता खरोखर घेतली, तर पहिली पायरी तिथेच मिळते: ओळखीच्या, आपल्यासारख्याच बायकांपुढे बोलून पाहायचं, आणि तोच मुद्दा मग मोठ्या सभेत मांडायचा.

अमेरिकेतल्या मेरी बड रोव यांनी शाळांमधले तास ध्वनिमुद्रित करून पाहिले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असं आढळलं. हाच वेळ तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबली, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. आपल्या सभांमध्ये ‘कुणाला काही विचारायचंय का?’ आणि ‘चला, पुढचा विषय’ यांच्यात किती वेळ जातो, ते अध्यक्षस्थानी बसणाऱ्यांनी एकदा घड्याळ लावून पाहावं. मग मनात पाचपर्यंत मोजावं, मागच्या रांगेकडे पाहावं, आणि कुणी अर्धवट हात वर केला असेल तर माईक त्याच्यापर्यंत पोहोचवावा.